शेवटच्या गल्लीतला अडथळा

बंदरावर तिला सगळे शिट्टीवहिनी म्हणत. नवऱ्याचं टोपणनाव शिट्टी होतं, म्हणून. कंटेनरच्या उंच रांगांमध्ये उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना वाट दाखवायची, हे त्याचं काम. गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नसे. सासूबाई म्हणायच्या, हा जन्मला तेव्हा रडला नाही, शिट्टीच मारली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि यार्डातल्या शेवटच्या गल्लीत तो एका ट्रकखाली आला. ड्रायव्हरला तो दिसलाच नाही. चौकशी झाली. स्वतःच्या हाताची बोटं दिसत नव्हती अशा वेळी दोष कुणाला द्यायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि प्रकरण मिटलं. तिच्या घरातलं मिटलं नाही, पण ते कुणी विचारायला आलं नाही.

त्यानंतर बंदराने यार्डाच्या आत माणसं ठेवणंच बंद केलं. ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आल्या. लांबलचक, सपाट, पाठीवर एक अख्खा कंटेनर घेऊन आपल्या आपण चालणाऱ्या. पुढे केबिन नाही, त्यामुळे चेहराच नाही. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं: बिनडोक्या. आणि शिट्टीच्या बायकोला कंट्रोल रूममध्ये नोकरी मिळाली. पडद्यांसमोर बसायचं, बिनडोक्यांवर नजर ठेवायची, एखादी अडली तर का अडली ते बघून तिला वाट मोकळी करून द्यायची. नवरा करत होता तेच काम, फक्त काचेच्या आड बसून. हे तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

काम तिला शिकवलं ते गाड्यांच्या इंजिनिअर मुलीने. मुलगी वयाने बरीच लहान, बोलायला तडतडी, आणि तिला वहिनी म्हणायची.

"हिला तीन प्रकारचे डोळे आहेत, वहिनी," मुलीने एकदा गाडीच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं. "एक कॅमेरा. तो आपल्यासारखाच. धुकं पडलं की आपल्याला दिसत नाही तसं त्यालाही दिसत नाही. दुसरा लेझर. तो उजेडाचे बारीक खडे फेकतो आणि ते आपटून परत कधी आले त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते ओळखतो. पण धुक्यातला एकेक थेंब तो खडा परत फेकतो. मग गाडीला वाटतं, समोर कापसाची भिंत आहे."

"आणि तिसरा?"

"तिसरा रडार. त्याच्या लाटा धुक्यातून आरपार जातात. धुक्यात सगळी भिस्त त्याच्यावर. पण त्याची नजर म्हाताऱ्या माणसासारखी आहे. कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही."

हिवाळा लागला आणि धुकं पुन्हा यायला लागलं. पहाटे उठून काही दिसत नाही म्हटलं की जहाजावरच्या माणसांचा जीव टांगणीला लागायचा, पण बिनडोक्यांचं काम चालू राहायचं, थोडं हळू. अशाच एका सकाळी शेवटच्या गल्लीत एक गाडी थांबली.

तिने पडदा पुढे घेतला. कॅमेऱ्याचं चित्र पांढरंफटक. लेझरचं चित्र म्हणजे नुसता राखेचा ढीग. रडारच्या चित्रात दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंतींच्या जाड रेघा, आणि त्यांच्या मध्ये, गल्लीच्या कडेला, एक ठिपका. खाली अक्षरं उमटली होती: अडथळा, माणूस असण्याची शक्यता.

यार्डात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टॅग असायचा, आणि टॅग असलेला माणूस पडद्यावर हिरवा दिसायचा. हा ठिपका हिरवा नव्हता. म्हणजे बंदराच्या हिशेबी तिथे माणूस नव्हता.

तिने गाडीचा भोंगा वाजवला. ठिपका जागचा हलला नाही. माणूस उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो तसा किंचित डुलल्यासारखा मात्र वाटला. मग बऱ्याच वेळाने विरून गेला. गाडी पुढे निघाली.

ती जागा तिला ठाऊक होती. चौकशीच्या वेळी तिला तिथे नेलं होतं, आणि कुणीतरी खडूने काढलेली खूण तिच्यासमोरच बुटाने पुसली होती.

तिने वर कळवताना "कारण समजलं नाही" एवढंच सांगितलं.

पुढच्या धुक्यात तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्या धुक्यातही. लख्ख ऊन असलं की कधी नाही, नुसतं धुक्यातच. त्याच जागी. तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आदल्या रात्री हवा दमट झाली की तिला हुरूप यायचा. सकाळी ती केस नीट विंचरून जायची आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. कंट्रोल रूममध्ये एकटी असली की पडद्याशी हळूच बोलायची. आपल्या लहान लेकीच्या शाळेतलं, घरात गळणाऱ्या नळाचं, काहीबाही. गाडीला पुढे जायची आज्ञा ती लगेच देत नसे. जरा थांबू दे बिचाऱ्याला, असं मनात म्हणायची, आणि बिचारा नक्की कोण, गाडी की तो, हे स्वतःला विचारत नसे.

घरी सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"धुकं पडलं की तू कुठे निघाल्यासारखी दिसतेस," त्या एके दिवशी म्हणाल्या. "कामावर जाणारं माणूस असं दिसत नाही."

तिने सांगून टाकलं. सांगताना वाटलं, आता या आपल्याला वेड्यात काढतील. सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कसा दिसतो?"

"दिसत नाही, आई. नुसता ठिपका असतो."

"ठिपका तर ठिपका," सासूबाई म्हणाल्या. "पोटात होता तेव्हाही ठिपकाच होता."

तेव्हापासून त्या पहाटे उठून खिडकीशी बसायला लागल्या. धुकं असलं की हाक मारायच्या, "ऊठ गं, आज पडलंय." संध्याकाळी ती दारात पाऊल ठेवायच्या आत विचारायच्या, "आला होता?" ती मान हलवायची. एकदा म्हणाल्या, "त्याला म्हणावं, उभा काय राहतोस सारखा. पाय दुखतील. बस जरा." दोघी हसल्या, आणि हसता हसता एकमेकींकडे बघायचं टाळलं.

पण गाड्या थांबल्या की मागच्या गाड्या थांबतात, आणि त्यांच्या मागे जहाज. बंदराच्या साहेबांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी इंजिनिअर मुलीला बोलावून घेतलं.

"तिथे काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"दोनदा माणूस पाठवून बघितलं, सर. धुकं विरल्यावर काही सापडत नाही."

"मग गाडीला सांगून टाका की त्या जागी काही दिसलं तर दुर्लक्ष कर. भुताखेतांसाठी जहाजं थांबवायची का आपण?"

मुलगी खाली मान घालून कंट्रोल रूममध्ये आली. "उद्यापासून ती जागा वगळायची आहे, वहिनी. तेवढा तुकडा गाडीला दिसला तरी न दिसल्यासारखा."

शिट्टीवहिनीच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. "आणि तिथे खरंच कुणी असलं तर?"

"आत कुणी जाऊच शकत नाही. कुंपण आहे, टॅग आहे."

"हे होते तेव्हाही सगळं होतंच की."

शिट्टीचं काय झालं ते मुलीला माहीत होतं, पण कुठल्या जागी झालं ते माहीत नव्हतं. आता वहिनीच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं. तिने खुर्ची ओढली आणि खाली बसली.

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मलाही हे पटत नाहीये. जे समजलं नाही त्याच्याकडे डोळेझाक करायला गाडीला शिकवायचं, हे मला जमत नाही. एकदा धुकं असतानाच आत जाऊन बघायला हवं. मी साहेबांकडून परवानगी काढते. गल्लीतल्या सगळ्या गाड्या बंद ठेवू. फक्त एकीचे डोळे चालू."

"मी जाते."

"तुम्ही?"

"दुसरं कोण जाणार?"

साहेब कुरकुरले, पण एक सकाळ दिली.

धुकं त्या दिवशी इतकं दाट होतं की दाराबाहेर पडल्यावर तिला आपल्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. छातीवर टॅग, हातात वॉकीटॉकी. कंटेनरच्या भिंतींना हात लावत ती चालत राहिली. पत्रा थंडगार आणि ओला होता. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी ती बिनडोकी उभी होती, सगळे दिवे लावून, आणि दिव्यांचा उजेड पुढे जायचा सोडून तिथल्या तिथेच साचला होता. तिच्या बाजूने जाताना शिट्टीवहिनीने तिच्या अंगावर थाप मारली, गाईला मारावी तशी.

"दिसताय तुम्ही, हिरव्या," वॉकीटॉकीत मुलीचा आवाज आला. "सरळ या. अजून थोड्या."

ती पुढे गेली. डाव्या हाताला एक कंटेनर तिरका ठेवलेला होता. कोपरा चेपलेला, दुरुस्तीची वाट बघत पडलेला. तो ओलांडून ती जागेवर आली.

"थांबा," मुलगी म्हणाली. मग काही क्षण नुसती खरखर. "वहिनी, तो आहे."

"कुठे?"

"तुमच्या अगदी शेजारी. उजव्या हाताला."

तिने उजवीकडे बघितलं. पांढरं. फक्त पांढरं. ते हलत होतं, हळूहळू, श्वास घेतल्यासारखं. तिने हात पुढे केला. बोटं ओली झाली. दुसरं काहीच हाताला लागलं नाही.

"आता?"

"तुमचा हात..." मुलीचा आवाज बदलला होता. "तुमचा हात त्याच्या आत आहे."

तिने हात मागे घेतला नाही. आयुष्यात इतकी शांतता तिने ऐकली नव्हती. नवऱ्याला ती ज्या नावाने फक्त घरात हाक मारायची त्या नावाने तिने हाक मारली, अगदी हळू, वॉकीटॉकीचं बटण सोडून. कुणी ओ दिली नाही. मग दोन पावलं मागे येऊन तिने त्या तिरक्या कंटेनरला पाठ टेकली.

"वहिनी, आत्ता काय केलंत?"

"काही नाही. टेकले."

"तो गेला. तुम्ही टेकलात आणि तो गेला. जरा बाजूला व्हा."

ती झाली.

"आला. पुन्हा टेका." खरखर. "गेला. वहिनी, ऐकताय ना? तो भूत नाही. आरसा आहे. तो तिरका कंटेनर आहे ना, त्याचा पत्रा रडारला आरशासारखा आहे. लाट त्याच्यावर आपटून भलतीकडेच जाते, तिथल्या कुणाला तरी लागून परत येते, आणि गाडीला वाटतं तो समोर आहे. तुम्ही आरशापुढे उभ्या राहिलात म्हणून तो दिसेनासा झाला."

"म्हणजे इथे कुणी नाही?"

"तिथे नाही. पण कुठेतरी आहे. खरा माणूस आहे, वहिनी. कंटेनरकडे तोंड करा. आता डावीकडे एक बोळ असेल."

बोळ होता. दोन रांगांमधली जागा, पूर्वी ज्यातून ट्रक यायचे ती. ती चालत गेली. काय वाटत होतं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. कुणीतरी उशाखालची वस्तू हळूच काढून घेतं आणि आपण जागे असूनही काही करू शकत नाही, तसं काहीतरी.

धुक्यातून आधी बूट दिसले, मग उंचच उंच माणूस. त्याला ती ओळखत होती. बंदरावर त्याला खांब म्हणत. त्याच्याच ट्रकखाली शिट्टी गेला होता. चौकशीनंतर त्याने पुन्हा कधी चाक हातात धरलं नाही. कुंपणापलीकडे गाड्या धुण्याच्या जागी त्याला काम दिलं होतं. दोघांची गाठ कधी पडली नव्हती. म्हणजे पडू दिली नव्हती, दोघांनीही.

त्याने तिला बघितलं आणि पळाला नाही. डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्ही होतात."

"हो, वहिनी."

"टॅग कुठे आहे तुमचा?"

"काढून ठेवतो. टॅग असला की गाड्या लांबूनच थांबतात. मग कळत नाही."

"काय कळत नाही?"

त्याने टोपी हातात फिरवली. "धुक्यात माणूस दिसू शकतो का, ते. त्या दिवशी सगळे मला म्हणाले, अशात कुणालाच दिसलं नसतं, मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, खरंच कुणालाच दिसलं नसतं का, बघू तरी. म्हणून कुंपणाच्या फटीतून येतो. अपघाताआधी माझा ट्रक थांबला होता तिथे उभा राहतो. त्याच्या जागेपर्यंत जायचा धीर होत नाही, इथेच. आणि ती गाडी तिकडे येते आणि थांबते. दर वेळी थांबते, वहिनी. मी तिला दिसतो. मला तो दिसला नव्हता."

"आणि एखाद्या दिवशी नसती थांबली तर?"

त्याने गाडी येते त्या दिशेला नजर वळवली. तिला उत्तर मिळालं.

"उद्यापासून थांबणार नव्हती," ती म्हणाली. "त्यांच्या जागी काही दिसलं तरी दुर्लक्ष कर, असं तिला सांगणार होते. मग एखाद्या दिवशी धीर करून तुम्ही तिथवर गेला असतात आणि..." पुढचं तिला बोलवेना.

"शिट्टी ऐकू आली होती मला," तो म्हणाला, जणू तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "चौकशीत सांगितलं नाही. ऐकू आली, पण कुठून येतेय तेच कळेना. धुक्यात आवाज सगळीकडून येतो. मला वाटलं, मागे आहे. म्हणून मी गाडी पुढे घेतली."

त्याच्या तोंडात मारावी असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं की हा माणूस आत्ता, या क्षणी, जमिनीवर कोसळेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

"तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय केलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी त्यांच्याशी बोलत होते. तुम्ही उभे होतात आणि मी त्यांच्याशी बोलत होते. त्यांची आई रोज संध्याकाळी विचारते, आला होता का. आता मी घरी जाऊन काय सांगू? तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा नेलंत."

खांबाने तोंड टोपीत लपवलं. त्याचे खांदे हलायला लागले. वॉकीटॉकीतून मुलगी विचारत होती, "वहिनी, कोण आहे? वहिनी, बोला." तिने बटण दाबलं.

"माणूस आहे," ती म्हणाली. "ओळखीचा आहे. गाड्या बंदच ठेव. मी त्यांना घेऊन येते."

मग तिने त्याच्या शर्टाची बाही धरली, कारण त्याला खरंच समोरचं दिसत नव्हतं, आणि कंटेनरच्या कडेकडेने त्याला बाहेर आणलं.

साहेबांकडे तो स्वतःहून गेला आणि सगळं सांगितलं, शिट्टीचंही. त्याला यार्डापासून लांब, शहराच्या बाजूच्या गोदामात पाठवलं आणि एका डॉक्टरांकडे जायला लावलं. कुंपणाची फट बुजवली. चेपलेला कंटेनर क्रेनने उचलून नेला. जागा वगळायची आज्ञा इंजिनिअर मुलीने रद्द करून घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे दाराशी आल्या.

"आला होता?"

"ते नव्हते, आई. कधीच नव्हते." तिने चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसली. "दुसरं कुणीतरी होतं. ज्यांच्या हातून अपघात झाला, ते."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. तिला वाटलं, आता यांचा तोल जातो. पण म्हातारी घट्ट होती.

"तो कशाला यायचा तिथे?"

तिने सांगितलं, जसं ऐकलं तसं. मधे काही गाळलं नाही. सगळं ऐकून सासूबाई आत गेल्या, भांड्यांचा थोडा आवाज आला, आणि परत बाहेर आल्या.

"त्याची आई आहे का?"

"माहीत नाही."

"असली तर तिला कळवायला हवं कुणीतरी," त्या म्हणाल्या. "पोरगा असा धुक्यात जाऊन उभा राहतो म्हणून."

"एवढं मोठं मन माझं नाही, आई."

"माझं तरी कुठे आहे? मी आपलं बोलले."

पुढे बरेच दिवस ऊन पडलं. मग एका पहाटे पुन्हा धुकं आलं. सासूबाईंनी हाक मारली नाही, पण ती उठली तेव्हा त्या खिडकीशी बसलेल्याच होत्या.

कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. शेवटच्या गल्लीत गाडी शिरली. दोन्ही बाजूंच्या जाड रेघा, आणि त्यांच्या मध्ये काही नाही. गाडीने वेग जरा कमी केला, समोर नीट बघितलं, आणि त्या जागेवरून सरळ निघून गेली. मागची गेली. तिच्या मागचीही.

"बघा," मुलगी म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं असावं. तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या जागेवर गेली.

ती पाळी संपेपर्यंत बसून राहिली. पडद्याशी बोलली नाही. गल्ली मोकळी होती, गाड्या जात होत्या, काम चोख चाललं होतं.

घरी सासूबाई दारात नव्हत्या. आत अंधारात, दिवा न लावता बसल्या होत्या.

"आज धुकं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"गल्लीत कुणी नव्हतं?"

"कुणी नव्हतं, आई."

सासूबाईंनी बाजूला सरकून जागा करून दिली. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तो गेल्यापासून दोघी आपापल्या भिंतीकडे तोंड करून रडत आल्या होत्या, एकमेकींचा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्या एकमेकींसमोर रडल्या, आणि लेक शाळेतून येऊन दारात उभी राहिली तरी कुणी डोळे पुसायची घाई केली नाही.